ओळ अडतीस

सोमवार, २ सप्टेंबर

वही लेकीच्या शाळेतली उरलेली आहे. पहिल्या पानावर तिने कधीतरी ‘भूगोल’ लिहून खोडलंय. चालेल. आजपासून ही माझी, आणि कुणी वाचायची नाही.

आज कॉलेजचा पहिला दिवस. वय वर्षं एक्कावन्न. सव्वीस वर्षं मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होते. पलीकडच्या माणसाने तोंड उघडायच्या आत नुसत्या श्वासावरून मला कळायचं, याला अपघात विभाग हवाय की बिलाबद्दल भांडायचंय. मग बोर्डाच्या जागी मशीन बसवलं. ते ‘एक दाबा, दोन दाबा’ करतं आणि त्याला पेन्शन लागत नाही. मला फुलांचा गुच्छ मिळाला. दोन वर्षं घरात बसून भिंतींशी बोलले आणि शेवटी पदवीला नाव घातलं.

विषय संज्ञापन. शब्दच असा, की तो समजावून सांगण्यात अर्धा तास जातो. म्हणजे माणसं एकमेकांशी कशी बोलतात आणि का बोलत नाहीत, ते. ह्यांना मी सांगितलं तेव्हा हे मशीनचा पट्टा चढवत होते. हे म्हणजे आमचे हे. शिलाई मशीन दुरुस्त करतात, खाली रस्त्यावरच छोटं दुकान आहे. म्हणाले, इतिहास घे, वनस्पतिशास्त्र घे, हवं तर गणित घे. हा विषय नको. मी विचारलं का. म्हणाले, बोलायला शिकायला डिग्री कशाला लागते, तू आधीच पुष्कळ बोलतेस.

मस्करीत म्हणाले असं आधी वाटलं. पण नंतर तीन वेळा तेच म्हणाले. बायकोने शिकणं काही पुरुषांना पचत नाही असं ऐकून होते. आमचे त्यातले नव्हेत अशी माझी समजूत होती.

बुधवार, ११ सप्टेंबर

वर्गात चाळीस मुलं, सगळी लेकीपेक्षा लहान. मला ‘ऑपरेटर काकू’ नाव पडलं. वाईट नाही. माझ्या बाकावर एक मुलगी बसते, गळ्यात कायम हेडफोन, जसं डॉक्टरच्या गळ्यात ते असतं तसं. तिला मी मनात हेडफोनवाली म्हणते.

आमच्या मुख्य मॅडम तेहतीस-चौतीसच्या असतील. मुलं त्यांना पॉजबाई म्हणतात, कारण त्या बोलण्यापेक्षा न बोलण्यावर जास्त शिकवतात. आज म्हणाल्या, दोन माणसांच्या बोलण्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये साधारण पाव सेकंद जातो. एक सेकंद झाला की ऐकणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दोन झाले की मन भलतंसलतं रचायला लागतं.

हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं, फक्त त्याला परीक्षा असते हे माहीत नव्हतं. वर्गात तसं बोलले तर मुलं हसली. पॉजबाई हसल्या नाहीत, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला उगाचच बरं वाटलं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, भाजी चिरता चिरता, अगदी रंगवून. हे ‘हं’ सुद्धा म्हणाले नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. मी पुढचं बोलणं गिळलं.

शनिवार, २१ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई जिन्यात भेटल्या. कुजबुजत म्हणाल्या, रागवू नका, पण दुरुस्त करून आणलेलं मशीन अजून खडखडतंय. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, ठणठणीत आहे. मला आश्चर्य वाटलं. ह्यांचं नावच आहे त्यासाठी. लोक म्हणतात, मशीन उघडूही नका, नुसतं चालवून दाखवा, हे कान देऊन सांगतील कुठला दात झिजलाय ते. मी टेलरबाईंना म्हटलं, वय झालं, कंटाळा करत असतील. मला स्वतःलाच ते बोलणं आवडलं नाही.

दुपारी दुकानात चहा घेऊन गेले. हे मशीन चालवत होते आणि डावा तळहात त्याच्या डोक्यावर ठेवून डोळे मिटून बसले होते, ताप बघतात तसा. मी म्हटलं, लाड चाललेत का. काही बोलले नाहीत. चहा पुढ्यात ठेवला तेव्हा दचकले.

संध्याकाळी लेकीचा फोन. ह्यांनी उचलला, ‘मजेत आहेस ना, घे, आईशी बोल’ म्हणून माझ्या हातात कोंबला. गेलं वर्षभर हेच. लेकही हल्ली विचारते, बाबा माझ्यावर रागावलेत का. मी म्हणते, छे. पण काय सांगू तिला? हे सगळ्यांवरच रागावलेत, आणि का ते कुणाला सांगत नाहीत. ताकास तूर लागू देत नाहीत.

मंगळवार, १ ऑक्टोबर

पहिल्या सत्राचा मोठा प्रकल्प मिळाला. घरातलं सहा मिनिटांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करायचं आणि कागदावर उतरवायचं. नुसते शब्द नाहीत. प्रत्येक ओळीला क्रमांक, प्रत्येक विराम मोजून कंसात, सेकंद आणि त्याचा दहावा भाग. कुणी मध्येच तोंड घातलं तर त्याची वेगळी खूण. खोकला, उसासा, सगळं. मुलं म्हणाली, मॅडम, सहा मिनिटांत काय असतं? मॅडम म्हणाल्या, सहा मिनिटं उतरवायला तुम्हाला सहा दिवस लागतील, मग विचारा.

ज्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं त्यांची लेखी संमती घ्यायची. मी छापील कागद ह्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं न वाचता सही ठोकतील, आमच्या घरात विम्याच्या कागदांवरसुद्धा तशीच होते. पण ह्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “यातून काय कळतं?”

मी म्हटलं, “कोण किती बोलतं, कोण किती गप्प बसतं.”

पेन हातात धरून कितीतरी वेळ बसले. मला वाटलं, आता नाही म्हणणार आणि घरात रामायण होणार. पण सही केली. नेहमीची लफ्फेदार नव्हे, एकेक अक्षर काढून. सही करून म्हणाले, “तुझ्या मनासारखं होऊ दे.”

एवढं कुत्सित बोलायची गरज नव्हती.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज ध्वनिमुद्रण केलं. फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. साडेसातची वेळ, हे खिडकीला पाठ करून त्यांच्या नव्या जागेवर. आधी माझी खुर्ची होती ती. गेल्या वर्षी म्हणाले, उजेड डोळ्यांवर येतो, मला इथे बसू दे. मी दिली. आता संध्याकाळभर खिडकीचा, नाहीतर समोरच्या दिव्याचा उजेड माझ्याच तोंडावर असतो.

मी ओट्यापाशी होते. मध्ये टेलरबाई परत दुरुस्तीला दिलेल्या मशीनचं विचारायला दारात येऊन गेल्या. बाकी नेहमीचंच.

आणि मग मी ते बोलले. ठरवलं नव्हतं. मागे सहा मिनिटं ध्वनिमुद्रित होतायत, मी एकटीच बोलतेय आणि मागून ‘बघू’, ‘बरं’, नाहीतर काहीच नाही, हे ऐकून ऐकून माझा धीर सुटला. भांडी घासता घासता, मागे न बघता म्हटलं, “तुम्हाला एवढं खुपत असेल तर मी सोडू का कॉलेज?”

मागे न बघता, कारण रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “बरं.”

बस्स. एकच शब्द. अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि बरं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

ऑफिसातून नाव काढून घेण्याचा अर्ज आणला. चार नोव्हेंबरपर्यंत द्यायचा. कारकून म्हणाला, कारण लिहा. ‘कौटुंबिक’ लिहिलं. अर्ज या वहीत ठेवलाय.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सोडायचंच आहे तर प्रकल्प कशाला, असं म्हणत म्हणत रोज कॉलेजच्या आवाजाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसते. लागलेली सवय. बोर्डावरही शेवटच्या दिवशी मी पाच मिनिटं आधीच पोचले होते.

पॉजबाई खरं बोलल्या. सहा मिनिटं उतरवता उतरवता पाठीचा काटा ढिला झाला. पण काय हे यंत्र! आवाजाची लाट पडद्यावर दिसते, आणि जिथे कुणी बोलत नाही तिथे सरळ रेघ. माझ्या संसाराची सरळ रेघ मी स्वतः डोळ्यांनी बघितली, दशांश चिन्हासकट.

एकूण साठ ओळी. आजचे आकडे इथे लिहून ठेवते, कारण राग थंड झाल्यावर मीच म्हणेन की एवढं काही नव्हतं. ओळ ४, मी: आज काय केलंत दिवसभर? उत्तर नाही. ओळ २१, मी: बटाटे संपलेत का? एक पूर्णांक आठ सेकंद, मग हे: बरं. ओळ २९, मी: माझा निबंध वाचून दाखवू? उत्तर नाही. ओळ ३८, मी कॉलेज सोडण्याचं विचारलं ते. दोन पूर्णांक तीन सेकंद. बरं.

आणि आता ऐका. ओळ ३२, टेलरबाई दारातून आत येऊन: झालं का माझं मशीन? हे: उद्या सकाळी घेऊन जा. मध्ये किती वेळ? शून्य पूर्णांक दोन! परक्या बाईला पाव सेकंदाच्या आत उत्तर, आणि घरच्या बाईच्या प्रश्नांना सरळ रेघ. हेडफोनवालीला आकडे दाखवले. ती म्हणाली, काकू, हे कसलं भारी आहे, सत्तेचं राजकारण! मी म्हटलं, हो ना. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आले.

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या घरी फक्त भिंतींनाच आहेत.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

पॉजबाईंना कच्चा मसुदा दाखवला. मथळा दिला होता: ‘मौन हे शस्त्र’. मला वाटलं पाठ थोपटतील. त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, निकाल आधी लागलाय, साक्षी अजून व्हायच्यात.

मग दोन गोष्टी विचारल्या. पहिली, ओळ एकवीस. बटाटे संपलेत का या प्रश्नाला बरं हे उत्तर बसतं का? मी म्हटलं, लक्ष नाही, दुसरं काय. त्या म्हणाल्या, लक्ष नसलेला माणूस गप्प बसतो. हा माणूस उत्तर देतोय, फक्त प्रश्नाचं नाही. दुसरी, तुम्ही दोघं प्रत्येक ओळीला कुठे उभे होतात, कुणाचं तोंड कुठे होतं? मी म्हटलं, हे घर आहे, नाटक नव्हे. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही आयुष्यभर आवाजावर काम केलंत, म्हणून तुम्ही फक्त आवाज लिहिलाय. एक रकाना वाढवा.”

आगाऊ बाई. जिन्यात येईपर्यंत मनात उलटसुलट उत्तरं देत होते. वय तेहतीस, लग्न झालंय की नाही देव जाणे, आणि मला नवऱ्याच्या तोंडाची दिशा विचारते.

तिला मी अर्जाबद्दल काही सांगितलं नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी प्रयोगशाळेत गेले. हेडफोनवाली कानात ते घालून पडद्याकडे तोंड करून बसली होती. मी मागून विचारलं, किती वाजले गं? तिने मागे न बघता मान हलवली आणि म्हणाली, “हो, चालेल.”

मी म्हटलं, काय चालेल? तिने हेडफोन काढले. म्हणाली, सॉरी काकू, पडद्याच्या काचेत दिसलं तुम्ही काहीतरी बोलताय, वाटलं चहाचं विचारताय. ऐकूच आलं नाही, म्हणून हो म्हटलं.

ऐकूच आलं नाही, म्हणून हो म्हटलं.

मी खुर्चीत बसले आणि रकाना भरायला घेतला. आठवायचीही गरज पडली नाही, सगळं आवाजातच होतं. नळ वाहतोय म्हणजे माझी पाठ. सुरी चालतेय म्हणजे पाठ. खुर्ची सरकली म्हणजे मी टेबलाशी बसले, समोर. ह्यांना उद्देशून माझ्या एकोणतीस ओळी. सतरा वेळा पाठ, आणि त्या सतरापैकी एकाही ओळीला धड उत्तर नाही. बारा वेळा समोर, आणि बाराच्या बारा उत्तरं अर्ध्या सेकंदाच्या आत. ती बारा उत्तरं मला आधी दिसलीच नव्हती. मी फक्त सरळ रेघा मोजत होते. टेलरबाईसुद्धा समोर, दारातून आत, दिव्याखाली.

मग एकेक गोष्ट अंगावर यायला लागली. मशीनच्या डोक्यावरचा तळहात. चहाला दचकणं. लेकीचा फोन दोन वाक्यांत माझ्या हातात. खिडकीला पाठ असलेली खुर्ची, म्हणजे उजेड माझ्या ओठांवर पडावा म्हणून. रस्त्याने चालताना हल्ली मला नेहमी डाव्या हाताला ठेवतात, मी म्हणत होते काय हा विक्षिप्तपणा.

काखेत कळसा नि गावाला वळसा. सव्वीस वर्षं अनोळखी माणसांचे श्वास ओळखले आणि स्वतःच्या नवऱ्याला ऐकू येत नाही हे मला ओळखता आलं नाही. उलट रुसून बसले. बसले तर बसले, वर त्यावर प्रकल्प लिहायला घेतला. ‘मौन हे शस्त्र’ म्हणे! मला माझीच लाज वाटतेय, आणि थोडा रागही येतोय त्यांचा. मला का नाही सांगितलं?

हेडफोनवालीने विचारलं, काकू, काय झालं? मी म्हटलं, आकडा चुकला. ती म्हणाली, बदला की मग, अजून वेळ आहे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

काल दिवसभर हिंमत झाली नाही. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाजीचं काहीतरी विचारून मिटलं. आज संध्याकाळी ओट्यापाशी गेलेच नाही. हे टेबलाशी येऊन बसले तशी मी समोर बसले, दिव्याच्या उजेडात, आणि म्हटलं, “मी कॉलेज सोडतेय. अर्ज लिहून ठेव—”

“का?”

माझं वाक्य संपलं नव्हतं. आमच्या खुणांच्या भाषेत याला तोंड घालणं म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी माझं बोलणं तोडलं म्हणून मला पहिल्यांदाच एवढं बरं वाटलं.

मी म्हटलं, तुम्हीच बरं म्हणालात. हे म्हणाले, मी? कधी? मी प्रकल्पाचे कागद पुढे सरकवले आणि ओळ अडतीसवर बोट ठेवलं.

ह्यांनी वाचलं. मग मागची पानं उलटली आणि पहिल्या ओळीपासून वाचत आले, बोट फिरवत, सावकाश. रकानाही वाचला. ‘पाठ. पाठ. समोर. पाठ.’ मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोन वर्षांत इतका वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं. कानशिलावरचे केस कधी एवढे पांढरे झाले?

शेवटी म्हणाले, उजवा गेलाय. पूर्ण. डावाही जातोय, थोडा थोडा. दोन वर्षं झाली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, कानावर धंदा आहे माझा. एकाला कळलं की चौघांना कळतं, मग मशीन कोण आणेल? मी म्हटलं, एक म्हणजे मी? मी चौघांना सांगणार होते? त्यावर बराच वेळ बोलले नाहीत. आणि हा विराम खरा होता, यातलं ऐकू सगळं आलेलं होतं.

मग म्हणाले, “तुझा बोर्ड गेला तेव्हा तू रोज रडायचीस, की ऐकणं हेच तुझं काम होतं. तेव्हाच माझं सुरू झालं. तुला काय सांगणार?”

 पुढे म्हणाले, तू हा विषय घेतलास तेव्हाच वाटलं होतं, आता पकडला जाणार. म्हणून नको म्हणत होतो. मी म्हटलं, मग सही का केलीत? कागद दोनदा वाचून?

म्हणाले, “स्वतःहून सांगवत नव्हतं. म्हटलं, तू शोधून काढ.”

आणि मी त्या सहीला कुत्सित म्हटलं होतं. मागच्या पानावर लिहिलेलंच आहे. खोडणार नाही, राहू दे.

मी टेबलावरच डोकं ठेवून रडले. हे उठले, पाणी आणून दिलं आणि माझ्याच बाजूला उभे राहून पुन्हा ते कागद चाळायला लागले. म्हणाले, एवढं सगळं बोललीस तू? आणि हे फक्त सहा मिनिटांचं? मी मान हलवली. म्हणाले, दोन वर्षांचं किती होईल?

खिशातून लाल पेन्सिल काढली. मशीनवर कुठला भाग बदलायचा ते मार्क करायची त्यांची पेन्सिल आहे ती. खुर्ची ओढून बसले आणि जिथे जिथे उत्तर नव्हतं तिथे तिथे लिहायला लागले. ओळ ४, आज काय केलंत दिवसभर? त्यापुढे लिहिलं: दोन मशीन. एकाचं शटल बदललं. संध्याकाळी तुझी वाट बघितली. ओळ २१, बटाटे संपलेत का? आधीचं बरं खोडलं आणि लिहिलं: आता विचारून काय उपयोग. मला रडता रडता हसू फुटलं. ओळ २९, माझा निबंध वाचून दाखवू? हो. पण समोर बसून.

सतरा ठिकाणी लिहिलं. एकही गाळलं नाही. ओळ अडतीस शेवटी घेतली. ‘बरं’वर पेन्सिलने एवढ्या जोरात काट मारली की कागद फाटला. मग बाजूला, सही करताना काढली होती तशी एकेक अक्षर काढून लिहिलं:

नको सोडूस.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी हॉस्पिटलला फोन लावला. माझ्याच जुन्या नंबरवर मशीनबाई म्हणाली, कान-नाक-घशासाठी चार दाबा. दाबलं. बुधवारची वेळ मिळाली. हे नाराजीने का होईना येणार आहेत. म्हणाले, यंत्र कानात घालायला लावलं तर टेलरबाईला काय सांगू? मी म्हटलं, सांगा, आता सगळं दुप्पट ऐकू येतं, उरलेला खडखडाट मोफत काढून देतो. शनिवारी लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलं, कॅमेरा लाव आणि बाबांशी समोरासमोर बोल. वीस मिनिटं बोलले. शेवटी मला माझा फोन मागून घ्यावा लागला.

प्रकल्पाचं ह्यांना विचारलं होतं. देऊ नको म्हणालात तर दुसरं ध्वनिमुद्रण करीन, मार्क गेले तर गेले. रविवारभर विचार केला त्यांनी. मग म्हणाले, नाव घालू नकोस, बाकी दे. मथळा मात्र बदल. मथळा मी खोडला आणि जागा कोरीच ठेवली, दुसरा सुचला नाही.

दुपारी पॉजबाईंच्या टेबलावर प्रकल्प ठेवला, लाल पेन्सिलीसकट, फाटलेल्या कागदासकट. त्यांनी तिथेच चाळला. नियमाप्रमाणे विराम सगळीकडे मोजून लिहिलेत ना, असं विचारलं. मी म्हटलं, हो. पान उलटता उलटता त्या अडतीसवर थांबल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. किती सेकंद ते मी मोजले नाहीत.

अर्जाची घडी आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली आहे. टेबल आता हलत नाही. आणि ती ओळ मी दिली तशीच इथे उतरवून ठेवते.

ओळ ३८. मी (पाठ): तुम्हाला एवढं खुपत असेल तर मी सोडू का कॉलेज?
(विराम: १९ दिवस)
हे (समोर): नको सोडूस.